माळ्यावरचा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. त्या दिवशी पिंपरी-चिंचवडमधला एकही संगणक बंद पडला नाही. निगडी-प्राधिकरणातल्या घरात मुलांच्या अभ्यासाला घेतलेला पीसी, भोसरी एमआयडीसीतल्या गाळ्यात टॅलीवर बिलं काढणारा डेस्कटॉप, तळवड्याच्या आयटी कंपनीतला लॅपटॉप, सगळे दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे सुरू झाले. पण विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तवला होता, की या एका बदलापायी जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

धडधाकट यंत्र असं जुनं ठरलं, की आपल्या घरांत ते माळ्यावर जातं. फेकवत नाही, कारण पै-पै साठवून घेतलेलं असतं. विकवत नाही, कारण भंगारवाला जो भाव सांगतो तो ऐकून वाईट वाटतं. कोणाला द्यायचं तर आतल्या फोटोंची, कागदपत्रांची धास्ती वाटते. मग एक जुनी चादर टाकून ते वर ठेवलं जातं आणि पाच-सात वर्षं तिथेच राहतं.

जुन्या संगणकासाठी माळा ही सगळ्यात वाईट जागा आहे. आज तो संगणक एखाद्या विद्यार्थ्याच्या कामाला येऊ शकतो. तीन वर्षांनी त्याचे फक्त सुटे भाग उपयोगाचे उरतात. आणखी पाच वर्षांनी त्याला किलोचा भाव येतो आणि दिवाळीच्या साफसफाईत तो दारावर येईल त्या हातगाडीवर चढतो. त्याचं भलं होणार की त्याच्यामुळे कोणाचं तरी वाईट होणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. तो घराबाहेर कधी निघतो, आणि पहिल्यांदा कोणाच्या हाती पडतो.

कारखान्यांच्या शहरातले संगणक

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पवना-इंद्रायणीच्या मधल्या माळरानावर कारखान्यांची रांग लागली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र करून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पोचला आणि शेजारी हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसलं. त्यामुळे इथे जुन्या संगणकांचे तीन वेगवेगळे ओघ आहेत आणि तिघांचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला ओघ घरांचा. एक-दोन संगणक, एखादा प्रिंटर, गुंडाळलेल्या वायरी. दुसरा आयटी कंपन्यांचा. तिथे तीन-चार वर्षांत लॅपटॉप बदलले जातात, शेकड्यांनी एकदम बाहेर पडतात आणि त्यांची कागदोपत्री नोंद राहते. तिसरा ओघ लहान वर्कशॉपचा, आणि तो सगळ्यात कमी दिसतो. भोसरी, कुरुळी, चाकण भागातल्या अनेक गाळ्यांत सीएनसी मशिनशेजारी एक धुळकट, तेलकट संगणक असतो. त्याला मागे जुना सिरियल पोर्ट असतो. त्या पोर्टमधून मशिनला प्रोग्राम पाठवला जातो. मशिनची स्मृती तुटपुंजी असेल तर प्रोग्राम थोडा थोडा सोडत राहावा लागतो, आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. म्हणून विंडोज एक्सपीचा संगणक तिथे अजून रोजीरोटी कमावतो. बाजाराने बाद ठरवलेलं यंत्र योग्य जागी असलं तर किती वर्षं चालतं, याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा आहे. मात्र असं यंत्र इंटरनेटला जोडू नये. कारखान्याच्या नेटवर्कपासून ते वेगळं ठेवावं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ साली केलेल्या पाहणीत ई-कचऱ्याच्या निर्मितीत महाराष्ट्र देशात पहिला होता आणि सर्वाधिक ई-कचरा करणाऱ्या पहिल्या दहा शहरांत पुण्याचं नाव होतं. त्यानंतरच्या वीस वर्षांत घराघरांत काय काय आलं ते आपण बघतोच आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे तो फक्त २२.३ टक्के.

आधी त्याच्याकडे यंत्र म्हणून बघा

संगणक ‘स्लो झाला’ ही तक्रार घेऊन लोक नवा घ्यायला जातात. बहुतेक वेळा मंद झालेली असते ती जुनी फिरती हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम चार जीबीची आठ केली, तर दहा वर्षांचा संगणकही कार्यालयीन कामाला, अभ्यासाला, व्हिडिओ बघायला तरतरीत होतो. खर्च नव्या संगणकाच्या मानाने अगदी थोडा येतो. तारीख-वेळ वारंवार चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलावा. मधेच बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट नवी लावावी. ही कामं वस्तीतला कोणताही चांगला कॉम्प्युटर मेकॅनिक अर्ध्या दिवसात करतो.

राहिला प्रश्न विंडोज १० चा. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांसाठी सुरक्षा-अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली आहे. तो विचार करण्यापुरता अवधी आहे. त्यानंतरचा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू विनामूल्य मिळतात, जुन्या यंत्रावर चालतात आणि त्यांत मराठी लिहिता-वाचता येतं. भारत सरकारच्या सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली भारतीय भाषांसाठीच तयार केली आहे. पत्र लिहिणं, हिशेबाचा तक्ता, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग एवढंच काम असेल तर यापेक्षा जास्त काही लागत नाही. टॅली किंवा एखादं विशिष्ट डिझाइन-सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र लिनक्सकडे वळण्याआधी ते त्यावर चालतं का याची खातरी करावी.

दुरुस्तीचा आग्रह केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या एरिक विल्यम्स आणि रुडिगर क्यूर यांनी २००४ साली मांडलेल्या हिशेबानुसार, १७ इंची जुना मॉनिटर धरून एक डेस्कटॉप संगणक बनवायला सुमारे २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागतं. मोटार किंवा फ्रीज आपल्या आयुष्यातली बरीचशी ऊर्जा वापरात असताना खातात. संगणकाचं उलट आहे. त्याची मोठी ऊर्जा तो आपल्या घरी येण्याआधीच, चिप आणि बोर्ड बनताना, खर्च झालेली असते. म्हणून विजेची बचत होईल या आशेने चांगला संगणक काढून नवा आणणं हा पर्यावरणाच्या हिशेबात तोट्याचा सौदा आहे. त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढवणं हीच त्याची सर्वांत मोठी सेवा.

देणगी द्यायची तर चालतं यंत्र द्या

तुम्हाला नको असलेला संगणक कोणाला तरी हवा असतो. गावाकडची जिल्हा परिषदेची शाळा, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, सार्वजनिक वाचनालय, महिला बचत गट, टंकलेखन शिकू पाहणारी शेजारची मुलगी. पण देणगीला एक नियम आहे. यंत्र चालतं असलं पाहिजे, त्याच्यासोबत कीबोर्ड, माउस, चार्जर आणि वायरी असल्या पाहिजेत आणि त्यात काही खोट असेल तर ती घेणाऱ्याला आधी सांगितली पाहिजे.

हा नियम मोडला की काय होतं ते नायजेरियातल्या लागोस बंदराने अनुभवलं आहे. श्रीमंत देशांतून ‘पुनर्वापरासाठी’ म्हणून जुन्या संगणकांचे कंटेनर तिथे येत. बासेल अ‍ॅक्शन नेटवर्क या संस्थेने २००५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तिथल्या जाणकारांच्या अंदाजाने त्यातला पाऊण माल दुरुस्तही होण्यासारखा नव्हता. तो वस्तीशेजारी ओतून जाळला जात होता. विषारी कचऱ्याची एका देशातून दुसऱ्या देशात होणारी ने-आण आवरण्यासाठी १९८९ साली बासेल करार झाला, तरी ‘वापरलेली वस्तू’ या नावाखाली कचरा जात राहिला. शहरातून खेड्यातल्या शाळेत बंद संगणक पाठवणं हे त्याचंच लहान रूप आहे. शाळेला तो वापरता येत नाही आणि सरकारी नोंदवहीत चढलेली वस्तू सहजी काढूनही टाकता येत नाही. तो कोपऱ्यात गंजत राहतो.

यंत्राची पारख स्वतःला जमत नसेल तर ते काम जाणणाऱ्यांकडे द्यावं. पुण्यातली पूर्णम इकोव्हिजन फाउंडेशन ‘ई-यंत्रण’ या नावाने पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ई-कचरा संकलनाच्या मोहिमा घेत आली आहे. आलेल्या मालातले वापरण्याजोगे संगणक दुरुस्त करून गरजू शाळांना द्यायचे आणि उरलेला माल अधिकृत प्रक्रियेला पाठवायचा, अशी त्यांची रीत आहे. चांगल्या संकलनाचं हेच लक्षण असतं: आधी निवड, मग मोडतोड.

डिस्क पुसल्याशिवाय दार ओलांडू देऊ नका

लोक जुना संगणक देत नाहीत याचं खरं कारण अनेकदा भीती हे असतं. आधार-पॅनच्या प्रती, बँकेचे पासवर्ड, लग्नाचे फोटो, आजारपणाचे रिपोर्ट. ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे.

फाइल ‘डिलीट’ केली, रिसायकल बिन रिकामा केला, तरी फिरत्या हार्ड डिस्कवरची माहिती जागेवरच असते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतात उभं असलेलं पीक नाहीसं होत नाही, तसंच हे आहे. संगणक फक्त ती जागा मोकळी असल्याची नोंद करतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत साध्या सॉफ्टवेअरने जुनी फाइल परत काढता येते. म्हणून आधी हवी ती माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, ती उघडते याची खातरी करावी आणि मग पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती पुसावी. विंडोजमध्ये ‘रिसेट’ करताना सगळं काढून टाकण्याचा आणि डिस्क साफ करण्याचा पर्याय असतो. त्याला काही तास लागतात, पण घरगुती वापराला तो पुरतो. एसएसडीची रचना वेगळी असते. तिच्यावर वरून लिहिल्याने प्रत्येक कप्पा पुसला जाईलच असं नाही. तिच्यासाठी उत्पादक कंपनीच्या साधनातला ‘सिक्युअर इरेज’ हा पर्याय वापरावा. डिस्क नादुरुस्त असेल आणि पुसताच येत नसेल, तर ती काढून स्वतःजवळ ठेवावी किंवा समोर भोकं पाडून घ्यावी. बाकीचा संगणक डिस्कशिवायही देता येतो.

वर्कशॉपवाल्यांसाठी ही गोष्ट आणखी गंभीर आहे. मोठ्या वाहन कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या गाळ्याच्या संगणकात त्या कंपनीची ड्रॉइंग असतात, आणि ती गुप्त ठेवण्याचा करार झालेला असतो. कामगारांचे पगार, आधार क्रमांक, बँकेची खाती त्याच डिस्कवर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. यंत्र भंगारात गेलं म्हणून ती जबाबदारी संपत नाही.

डब्यात सोनं आहे आणि विषही आहे

यंत्र म्हणून संपलेला संगणक हा धातूंचा साठा असतो. कॅबिनेटचं लोखंड, प्रोसेसरवरचं अ‍ॅल्युमिनियम, वायरींचं तांबं काढणं सोपं. खरा ऐवज हिरव्या बोर्डात असतो. चांगल्या प्रतीच्या बोर्डांच्या एका टनात दोनशे ग्रॅमच्या आसपास सोनं मिळू शकतं. कर्नाटकातल्या हट्टीसारख्या खाणीत एक टन खडक फोडल्यावर जेमतेम काही ग्रॅम निघतं. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जपानी नागरिकांनी दिलेल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून बनली. दोन वर्षांत जवळजवळ ७९,००० टन वस्तू गोळा झाल्या आणि त्यांतून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघालं.

त्याच डब्यात विषही आहे. जुन्या खोकेवजा रंगीत मॉनिटरच्या काचेत किलोच्या मापात शिसं असतं. ते पाठीमागच्या किरणांपासून बघणाऱ्याचं रक्षण करायला घातलेलं असतं. २०१० च्या सुमाराच्या आधीच्या चपट्या पडद्यांत प्रकाशासाठी पारा असलेल्या बारीक नळ्या असतात. जुन्या बोर्डाच्या डागकामात शिसं, काही जुन्या बॅटऱ्यांत कॅडमियम आणि प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमीनयुक्त रसायनं असतात. यंत्र अखंड असताना यातलं काही त्रास देत नाही. धोका सुरू होतो तो ते फोडल्यावर, जाळल्यावर, अ‍ॅसिडमध्ये टाकल्यावर. तांबं काढायला पीव्हीसीची वायर जाळली की डायॉक्सिन तयार होतात. सोनं काढायला बोर्ड तीव्र अ‍ॅसिडमध्ये बुडवले की ते उरलेलं अ‍ॅसिड, त्यात विरघळलेल्या धातूंसकट, गटारात सोडलं जातं.

एवढं करून हाती काय लागतं? बेंगळुरूतल्या अनौपचारिक धंद्याचा २००७ साली अभ्यास झाला. त्यात असं आढळलं, की अ‍ॅसिडच्या पद्धतीने बोर्डातलं साधारण पाव सोनं मिळतं. आधुनिक भट्टीत ९५ टक्के मिळतं. म्हणजे कामगाराची फुफ्फुसं, वस्तीचं पाणी आणि वर पाऊण सोनंही जातं. देशातच चांगलं तंत्र असावं म्हणून सरकारच्या सी-मेट या संस्थेच्या हैदराबाद प्रयोगशाळेने बोर्डांवर प्रक्रिया करण्याची पद्धत विकसित केली आहे.

म्हणून घरी संगणक उघडून धातू काढायच्या भानगडीत कोणी पडू नये. पॉवर सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विजेचा भार साठून राहतो. जुन्या मॉनिटरची नळी निर्वात असते, ती फुटली तर काचा उडतात. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर तो चार्ज करू नये, दाबू किंवा टोचू नये, वेगळा ठेवून लवकरात लवकर संकलन केंद्रात द्यावा.

कुदळवाडीचा धडा

या शहराच्या जुन्या वस्तूंचा प्रवास कित्येक वर्षं चिखलीच्या कुदळवाडीत संपत असे. पत्र्याच्या शेडमागे शेड, लोखंड, प्लॅस्टिक, पुठ्ठा, केमिकलचे पिंप, वायरी. कारखान्यांतून निघालेला आणि घराघरांतून आलेला माल तिथे निवडला जाई. हजारो हातांना काम मिळे, आणि आगीही वारंवार लागत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली चार हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामं काही दिवसांत जमीनदोस्त केली. नदीचं प्रदूषण आणि आगीचा धोका ही त्यामागची कारणं सांगितली गेली.

ही कारणं खोटी नव्हती. चिखली आणि मोशी इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी यांच्या मधे आहेत. इथे जे नाल्यात सोडलं जातं ते खाली आळंदीला, जिथे वारकरी स्नान करतात तिथे पोचतं. पण शेड पाडली म्हणून भंगार निर्माण होणं थांबत नाही. तो माल दुसऱ्या कुठल्या तरी माळावर, पुन्हा पत्र्याच्या आडोशाला जातो. खरं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार औद्योगिक वसाहतींमध्ये ई-कचरा सुटा करण्यासाठी आणि त्यावर प्रक्रियेसाठी जागा राखून ठेवणं ही राज्याच्या उद्योग विभागाची जबाबदारी आहे, आणि या कामातल्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण, आरोग्य आणि सुरक्षितता ही कामगार विभागाची. आशियातल्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यांत गणना होणाऱ्या या भागात अशी राखीव, हवेशीर, सांडपाण्याची सोय असलेली जागा मिळणं ही अवास्तव मागणी नाही.

भंगारवाल्याला शत्रू मानून चालणार नाही. दारोदार फिरून वस्तू गोळा करण्यात त्याच्याइतकं पारंगत कोणी नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या याच बायाबापड्यांची ही संस्था ई-कचराही गोळा करून अधिकृत ठिकाणी पोचवते. गोळा करणं आणि निवडणं हे काम त्यांच्याकडे राहावं, जाळणं आणि अ‍ॅसिड हे कोणाच्याच घरात नसावं. हीच योग्य वाटणी आहे.

कायदा काय सांगतो आणि कुठे थांबतो

ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले. सध्या लागू असलेले नियम २ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. मुख्य भार उत्पादक कंपनीवर आहे. तिने विकलेल्या मालाच्या हिशेबाने ठरावीक वाटा प्रक्रियेला गेला पाहिजे. तो वाटा २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. नोंदणीकृत प्रक्रिया-उद्योगाने सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम प्रत्यक्ष बाहेर काढलं की त्याला प्रमाणपत्रं मिळतात आणि उत्पादक ती विकत घेतात. ज्यांच्याकडे एका आर्थिक वर्षात एक हजार किंवा जास्त उपकरणं वापरात असतात त्या कंपन्या ‘मोठे ग्राहक’ ठरतात. त्यांनी आपला माल नोंदणीकृत संस्थेलाच दिला पाहिजे.

आता लहान वर्कशॉपचा प्रश्न बघा. या नियमांतून सूक्ष्म उद्योगांना वगळलेलं आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी झाली. भोसरी, तळवडे, चाकण भागातल्या हजारो गाळ्यांचा कारभार या मर्यादेत बसतो. म्हणजे जिथून जुने संगणक, कंट्रोल पॅनेल, यूपीएस सातत्याने बाहेर पडतात, तो मोठा घटक नियमांच्या कक्षेबाहेर आहे. कायदा जिथे थांबतो तिथे उद्योजकांच्या संघटनांनी पुढे यायला हवं. प्रत्येक वसाहतीत वर्षातून दोन दिवस ठरवावेत, नोंदणीकृत संस्थेची गाडी बोलवावी, सगळ्या गाळ्यांचा माल एकत्र द्यावा. एका गाळ्याच्या दोन संगणकांसाठी कोणी येणार नाही, दोनशे गाळ्यांच्या चारशे संगणकांसाठी नक्की येईल.

महापालिकेवरही या नियमांनी जबाबदारी टाकली आहे. घरगुती कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढायचा आणि ज्यांचा उत्पादक सापडत नाही अशा वस्तू गोळा करून अधिकृत प्रक्रियेला पाठवायच्या. आपला वाटा एवढाच, की संगणकाचा एकही तुकडा घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. मोशीला १ ऑगस्ट २०२३ रोजी कचऱ्यापासून वीज बनवणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची त्याची योजना आहे. अशा भट्टीत बोर्ड, वायरी, बॅटऱ्या गेल्या तर त्यातले जड धातू राखेत आणि धुरात उतरतात.

कोणाच्या हाती द्यायचा

पर्याय तीन आहेत. नवा संगणक घेताना त्याच कंपनीला जुना परत घ्यायला सांगावं. डेल, एचपी, लेनोव्हो यांसारख्या कंपन्यांच्या परत घेण्याच्या योजना भारतात आहेत. दुसरा पर्याय, विश्वासू संस्थेची किंवा सोसायटीने ठरवलेली संकलन मोहीम. तिसरा, थेट नोंदणीकृत प्रक्रिया-उद्योग किंवा दुरुस्त करून विकणारी नोंदणीकृत संस्था. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर त्यांची यादी कोणालाही बघता येते.

घेणारा कोणीही असो, त्याला चार प्रश्न विचारावेत. तुमचा नोंदणी क्रमांक काय? माल नेल्याची, वजन लिहिलेली पावती द्याल का? डिस्क नष्ट केल्याचा दाखला मिळेल का? आणि बोर्ड पुढे कुठे जातात? चांगला माणूस शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. जो टाळाटाळ करतो आणि फक्त जास्त भाव सांगतो, त्याला माल देऊ नये. तो जास्तीचा भाव कोणाच्या तरी श्वासातून आणि नदीच्या पाण्यातून वसूल होणार असतो.

या आठवड्यात एकदा माळ्यावर चढा. संगणक खाली काढा, लावून बघा. चालत असेल तर डिस्क पुसून महिन्याभरात वापरणाऱ्याच्या हाती द्या. चालत नसेल आणि मेकॅनिकनेही हात टेकले असतील, तर पावती घेऊन नोंदणीकृत संस्थेला द्या. सोसायटीतल्या दहा घरांना सोबत घेतलंत तर गाडी दारात येईल. पुढच्या वेळी नवा संगणक घेताना, रॅम आणि डिस्क बदलता येते का, सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे दुकानदाराला आधी विचारा. माळ्यावर पुन्हा संगणक चढू नये याची तयारी तो घेतानाच करावी लागते.